एअर फिल्टरमधलं ऑइल

२ फेब्रु., सोम.

सबनीस बाईंची डिझेल गाडी आली. शाळा सुटल्यावर स्वतःच घेऊन आल्या, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा मागच्या सीटवर तसाच. तक्रार: सकाळी चालू केली की निळसर धूर, पिकअप गेलेला, आत जळक्या ऑइलचा वास. एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर एका बाजूने ओला. हवेच्या पाइपात बोट घातलं तर बोट काळं, पार दुसऱ्या पेरापर्यंत.

जिथून फक्त कोरडी हवा जायची तिथे ऑइल.

बाई म्हणाल्या, घाई नाही, सावकाश बघा. रिक्षाने गेल्या. उद्या बघतो.

घरी आलो. मुलीने, वैशालीने, खिचडी टाकली होती. जेवलो.

३ फेब्रु., मंगळ.

गाडी घेतली. आधी ऑइलची पट्टी ओढली. लेव्हल बरोबर खुणेवर. जास्त नाही, कमी नाही.

मग टर्बो. पाइप काढून पंख्याची दांडी बोटांनी हलवून पाहिली. खेळ नाही. पंखा घासलेला नाही. टर्बो बरा.

मग ब्रीदर. इंजिनच्या पोटातली वाफ ज्या नळीने परत हवेच्या पाइपात येते ती नळी. काढली तर हातावर ऑइल ओघळलं. म्हणजे इथूनच येतंय, एवढं नक्की. नळी चोक नाही. टॅपेट कव्हरमधली जाळी उघडली, धुतली. तीही साफ होती.

शेजारचे रमणभाई, गाड्यांचं वायरिंग करतात, चहा घेऊन आले. मला एक कप, त्यांना एक. हल्ली सगळेच माझ्याशी कमी बोलतात. बरं पडतं.

४ फेब्रु., बुध.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, उलटं करून नुसतं ठेवलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर झाकण नाचतं. नाचलं नाही. तोंडातून धूरही नाही. तरी खात्री म्हणून चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. चारी सारखे. नऊ वर्षांच्या गाडीला यापेक्षा चांगलं काय असणार. बाई चालवतातच तशी, दुसऱ्या गिअरमध्ये शाळेत जाऊन येतात.

ब्रीदरमधून ऑइल यायला कारणं तीन. ऑइल जास्त भरलेलं, नाहीतर जाळी चोक, नाहीतर रिंगा. तिन्ही नाहीत.

तरी पाइपात ऑइल आहे.

६ फेब्रु., शुक्र.

काल काही लिहिलं नाही. काही नव्हतं.

आज इंटरकूलर उतरवला, टर्बोची गरम हवा त्यातून थंड होऊन इंजिनात जाते. आतून पाव लिटरभर ऑइल निघालं. धुऊन उलटा टांगला, उन्हात. पाइप सगळे धुतले, पुसले, नवा फिल्टर बसवला. धूर इतके दिवस इंटरकूलरमध्ये साचलेल्या ऑइलचाच होता. आता नवं किती येतं ते कळेल.

दुपारी ट्रायल, सचिन गावापर्यंत आणि परत. धूर नाही. उघडून पाहिलं. कोरडं.

मेहुणीचा, मंगलच्या बहिणीचा, धुळ्याहून फोन. रविवारी दोन महिने होतात म्हणाली. हो म्हणालो.

७ फेब्रु., शनि.

परत ट्रायल, पलसाण्यापर्यंत, जरा दाबून. परत उघडलं. पांढरा रुमाल पाइपातून फिरवला. रुमाल पांढराच.

गाडी बरी झाली म्हणून सोडून द्यायला हवी. सोडवत नाही. ऑइल आलं होतं एकदा. आता येत नाही. मधे काय झालं?

खाली झोपून पाहिलं. चेंबरच्या नटाला, ज्यातून जुनं ऑइल सोडतात त्याला, पाना घसरल्याचे ओरखडे. ताजे. माझा पाना घसरत नाही. मी नेहमी तिथे नटावर पक्का बसणारा गोटी पाना लावतो. म्हणजे मधे दुसऱ्या कोणीतरी ऑइल सोडलंय. बाईंना विचारायला हवं.

८ फेब्रु., रवि.

मंगलला जाऊन दोन महिने. काही वाटलं नाही असं लिहिणं बरोबर नाही. दुसरं काय लिहू.

हॉस्पिटलचे चार दिवस सगळे आठवतात. डोक्यात रक्तस्राव, चार डिसेंबरला सकाळी ओट्याशी पडली. लिफ्ट बंद होती, दोन्ही रात्रपाळीच्या नर्सची नावं, मंगलच्या डाव्या हाताची सुई, डॉक्टरांच्या पेनाचं तुटलेलं टोपण. आठ तारखेला पहाटे गेली. तेरावा झाला २० ला, कोण कोण आलं तेही सांगता येईल.

त्यानंतरचं मात्र सापडत नाही. २२ ला, सोमवारी, मी गॅरेज उघडलं, हे वैशालीने नंतर सांगितलं म्हणून माहीत. जानेवारी अर्धा होईपर्यंतचं काहीच नाही. उत्तरायणला, संक्रांतीच्या पतंगांना, गच्चीवर लोक ओरडत होते, तिथून पुढचं जरा जरा आहे.

वै. सकाळी फोटोला हार घालून ऑफिसच्या मैत्रिणीकडे गेली. मी दुपारी झोपलो.

९ फेब्रु., सोम.

बाई आल्या गाडी न्यायला. काय सापडलं विचारलं. मी सांगितलं, काही सापडलं नाही, पण चेंबरचा नट कोणीतरी उघडलाय, कुठे दाखवली होती का गाडी?

बाई उभ्या होत्या, त्या स्टुलावर बसल्या. पर्स मांडीवर घेतली.

"देवरे भाऊ, तुम्हाला सांगायचं नव्हतं."

मग सांगितलं. संक्रांतीच्या आधी नवसारीला भाचीकडे जाताना रस्त्यात एवढा धूर झाला की मागचे हॉर्न वाजवायला लागले. पेट्रोल पंपाशेजारी एक मेकॅनिक होता, त्याने पट्टी ओढून पाहिली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर. त्याने नट उघडून जास्तीचं सोडलं, दीड बाटली भरली. म्हणाला, सर्व्हिस कोणी केली, त्याला ऑइल दोनदा भरल्याचं कळलं नाही का? बाई म्हणाल्या, आठवत नाही. भाचीकडे गेल्या. पण आत साचलेलं होतं ते राहिलं, धूर चालूच राहिला. शेवटी माझ्याकडे आणली.

सर्व्हिस २४ डिसेंबरची. माझी.

विचारलं, तेव्हाच फोन का नाही केलात. म्हणाल्या, "तुमच्या घरी नुकतंच झालेलं. म्हटलं, निस्तरलं ना, मग कशाला."

मी "बरं" म्हणालो. गाडी चार-पाच दिवस अजून ठेवा, एक लांबची ट्रायल द्यायची आहे, असंही म्हणालो. बाई गेल्या. हात धुतले. परत धुतले.

१० फेब्रु., मंगळ.

कामाची वही काढली. २२ ते २७ डिसेंबर. मला वाटलं होतं काहीतरी गिरगटलेलं असेल. नाही. अक्षर माझं, नेहमीपेक्षा नीट. गाडी, मालक, काम, ऑइल, फिल्टर, प्रत्येकासमोर बरोबरची खूण. एकही दिवस खाडा नाही. त्यातलं एकही काम मला आठवत नाही.

उत्तरायणपर्यंतची पानं पाहिली, पुढे ऑइलचं काम नाही. ऑइल बदललेल्या गाड्या पाच. एक सबनीस बाईंची. दोन पेट्रोल. एक दवाखान्याची डिझेल. एक भटू पाटीलची डिझेल टॅक्सी, कोसाडचा भटू, २६ तारीख.

पेट्रोल गाडीत जास्त ऑइल गेलं तर बहुतेक वेळा धुरावर भागतं. डिझेलचं तसं नाही. ब्रीदरमधून ऑइल हवेत जायला लागलं की इंजिन त्यालाच डिझेल समजून जाळतं. मग चावी बंद केली तरी बंद होत नाही. कडोदऱ्याजवळ एकदा जीप पाहिली होती तशी. ड्रायव्हर चावी हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा आणि जीप आपली आपण ओरडतेय, शेवटी आतून फुटली. तेव्हा ती उभी होती म्हणून. चालत्या गाडीत, घाटात, माणसं बसलेली असताना काय होईल.

वैशालीला जेवताना सांगितलं. सगळं नाही, एवढंच की त्या दिवसांत माझ्याकडून ऑइल दोनदा भरलं गेलं. ती पोळी करत होती. तवा उतरवला.

म्हणाली, "पप्पा, तुम्ही तेव्हा जेवायचातही दोनदा."

मी समजलो नाही. तिने सांगितलं. सात वाजता जेवून उठायचो, हात धुवायचो, अर्ध्या तासाने परत पाटावर येऊन बसायचो, वाढ म्हणायचो. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, आत्ताच जेवलात. मी तिच्याकडे पाहत राहिलो म्हणे. मग ती नुसती वाढायची. पाच-सहा दिवस. नंतर आपोआप थांबलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" म्हणाली.

तवा परत ठेवला. मी ताटात होतं ते संपवलं.

११ फेब्रु., बुध.

रमणभाईंना सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि त्या आठवड्यात माझ्या शेजारी तेच होते. विचारलं, मी तेव्हा कसा होतो, काही वेगळं दिसलं का. त्यांनी विचार केला. म्हणाले, "तमे तो रोज जेवा ज हता." म्हणजे रोजच्यासारखाच. सकाळी नऊला शटर, रेडिओ लावायचात, दुपारी डबा. हसायचातही म्हणे, गिऱ्हाइकांशी.

हे ऐकून कसंतरी झालं. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी झालं. लगेच गेलं.

रमणभाई म्हणाले, लोकांना खरं कारण सांगू नका, धंद्यावर परिणाम होईल. फ्री चेकिंग चालू आहे म्हणून बोलवा. दोन्ही पेट्रोलवाल्यांना तसंच सांगितलं. दोघे संध्याकाळपर्यंत येऊन गेले. दोन्ही गाड्यांत ऑइल बरोबर. त्यातल्या एकाने, बँकेतल्या साहेबांनी, फ्री म्हटल्यावर टायरची हवाही बघून घेतली.

म्हणजे दर वेळी चुकलो नाही. कुठे चुकलो, कुठे नाही, हे मलाच माहीत नाही.

भटूचा नंबर लागत नाही. हा नंबर सेवेत नाही म्हणते. वहीत तोच आहे.

१२ फेब्रु., गुरु.

दवाखान्याची गाडी मीच जाऊन पाहिली, लिंबायतला, दवाखान्याच्या मागच्या बोळात लावतात. ती चालवणारे कंपाउंडर चौधरी. पट्टी ओढली. ऑइल खुणेच्या वर, बरंच वर. पाइप उघडला तर ओला. गाडी महिन्यातून दोन-तीनदा निघते, तीही बाजारापर्यंत, म्हणून निभावलं.

चौधरी बाजूलाच उभे. फ्री चेकिंग म्हणायचं होतं. तोंडून निघालं नाही. सांगितलं, ही माझी चूक आहे, डिसेंबरात मी ऑइल दोनदा भरलं, मला आठवत नाही पण भरलं. बायको गेली होती. हे शेवटचं सांगायला नको होतं, सांगून झालं.

मी तिथेच बोळात बसून जास्तीचं सोडलं, पाइप पुसले, संध्याकाळ झाली. जाताना ते किल्ली घेऊन आत गेले. परत माझ्याकडे गाडी देतील की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही.

पाचातल्या दोन चुकल्या, दोन बरोबर. उरला भटू.

दोन-तीन टॅक्सीवाल्यांना विचारलं. कोणी म्हणालं दिसला नाही बरेच दिवस. गाडी रोज चालत असती तर एव्हाना माझ्याकडे आली असती, नाहीतर रस्त्यात बसली असती. उद्या सकाळी कोसाडला जातो.

१३ फेब्रु., शुक्र. सकाळी ११, गॅरेज

स्कूटरवर कोसाड. भटूच्या दाराला कुलूप. शेजारची म्हातारी लसूण सोलत बसली होती, आपल्याच धुळ्याकडची. म्हणाली, "भटू ना? तो ते सकायलेच ग्या, लगनले."

मग तिच्याकडून एकेक कळलं. डिसेंबरातच, गाडी सर्व्हिस करून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भटू जिन्यावरून पडला. घोटा मोडला. प्लास्टर. गाडी सात आठवडे खाली कव्हर घालून उभी. परवा प्लास्टर निघालं, पाय टेकतो आता. साक्रीजवळ मेहुण्याचं लग्न. आज बायको, दोन मुली, आई, सगळ्यांना घालून आठ वाजता निघाला. व्याऱ्याला बहिणीकडे जेवणार, तिला घेणार, मग पुढे.

साक्रीला जायचं म्हणजे मधे कोंडाईबारीचा घाट.

गाडी ज्या जागेवर उभी असायची तिथे पाहिलं. खाली थेंब नाही, काही नाही. त्यावरून काहीच कळत नाही. कदाचित त्याच्या गाडीत बरोबर असेल. पाचातल्या दोन बरोबर होत्या.

म्हातारीच्या नातीने नवा नंबर दिला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सात वेळा लावला.

परत गॅरेजवर आलो. स्कूटरवर घाट गाठायचा तर संध्याकाळ होईल. सबनीस बाईंची गाडी समोर उभी. त्यांना फोन लावला, शाळेत होत्या, मधल्या सुट्टीत त्यांचाच आला. सांगितलं. दुसऱ्याच्या गाडीसाठी तुमची गाडी मागतोय, म्हणालो.

"घेऊन जा. विचारता काय," म्हणाल्या. फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "मी जानेवारीतच सांगितलं असतं तर." मी म्हणालो, तसं नाही. पण तसंच आहे, आणि त्यांनाही ते कळतं.

रमणभाई शटर बघतील. वै.ला कळवलं. निघतो.

दुपारी २.१०, नवापूर

व्याऱ्याला थांबलो. बहिणीचं घर माहीत नाही, नावही माहीत नाही. बस स्टँडजवळच्या टॅक्सीवाल्यांना विचारलं. एकाने भटूला ओळखलं, म्हणाला तासाभरापूर्वी पुढे गेला, गाडी गच्च भरलेली. धूर होता का? त्याने आठवून पाहिलं. लक्ष नाही दिलं म्हणाला.

तिथून सुसाट आलो. प्रत्येक उभ्या गाडीकडे बघत. सोनगढच्या पुढे एक पांढरी टॅक्सी बोनेट उघडून उभी होती. जवळ गेलो, दुसरीच कोणाची. पाणी घालत होते.

बाईंची गाडी चांगली चालते. धूर नाही.

इथे टपरीवर चहा घेतला, अर्धा प्यालो. टपरीवाला म्हणाला, मुलींनी उसाचा रस घेतला एका टॅक्सीतल्या, म्हातारी गाडीतच बसून होती, लंगडणारा ड्रायव्हर. अर्धा तास झाला असेल. गाडी चालू करताना मागून निळं निळं निघालं, टपरीवाल्याने ड्रायव्हरला सांगितलं, तर म्हणे बरेच दिवस उभी होती ना, होतं असं.

निळं.

फोन लागत नाही.

३.०५, कोंडाईबारीच्या खाली

लिहितोय कारण दुसरं काही करता येत नाही दोन मिनिटं. ट्रकांची रांग लागलीय, वर काहीतरी अडलंय. काय अडलंय इथे कोणाला माहीत नाही. एक ट्रकवाला म्हणतो ट्रॉली आडवी झालीय, दुसरा म्हणतो कार आहे.

आत्ता फोन लागला. चार रिंग, मग उचलला. गाडीचा आवाज होता, कसला ते ओळखू आलं नाही, आणि मागे मुलगी काहीतरी गात होती की रडत होती. भटू म्हणाला, "बोल ना दादा."

म्हणालो, भटू, गाडी उभी कर. बंद कर. ऑइल मी जास्त भरलंय, ऐक, बंद नाही झाली तर वरच्या गिअरमध्ये टाक, ब्रेक दाब आणि क्लच सोड, इंजिन अडून बंद पडेल. सगळ्यांना आधी उतरव.

तो "हा? काय?" म्हणाला. मी परत सांगितलं, पहिल्यापासून. अर्ध्यात लाइन गेली. किती ऐकलं माहीत नाही.

माझ्या तोंडातून आवाज येतोय, रडण्याचा असावा, शेजारच्या ट्रकचा क्लीनर बघतोय. गाडी कडेला लावली. चालत वर जातो.